स्कूबासाठी छोटा बॅकअप टॉर्च: निवड, घरची तपासणी आणि जोडणी

रात्रीच्या डाइव्हला प्रत्येक डायव्हरकडे दोन टॉर्च असावेत, हा सर्वमान्य नियम आहे. मुख्य टॉर्च हातात असतो, दुसरा म्हणजे बॅकअप, डायव्हिंग जॅकेटच्या खिशात किंवा छातीवरच्या पट्ट्याला अडकवलेला. पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरणारे तर तीन बाळगतात, एक मुख्य आणि दोन बॅकअप. दिवसाच्या डाइव्हलाही छोटा टॉर्च कामाचा असतो. खडकांच्या कपारीत डोकावता येतं आणि खोलीवर पाण्याने शोषून घेतलेले लाल-केशरी रंग जवळून पुन्हा दिसतात.

बहुतेक डाइव्हमध्ये बॅकअप लागतच नाही. लागतो तेव्हा मात्र तुम्ही अंधारात, खोलीवर असता आणि एक हात कशात तरी गुंतलेला असतो. म्हणून याची निवड मुख्य टॉर्चपेक्षा वेगळ्या हिशोबाने करायची. प्रखरतेला दुसरा क्रमांक. पहिला क्रमांक नेमका त्या क्षणी, एका हाताने, न चुकता लागण्याला.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट जास्तीची आहे. इथून कुठल्याही दिशेला समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तारकर्लीला किंवा अंदमानात पोचल्यावर सेल बसत नाही किंवा ओ-रिंग (झाकणातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) चिरलेली आहे असं कळलं, तर तिथे दुरुस्ती होईलच असं नाही. जे तपासायचं ते घरीच तपासून निघा. आणि इथल्या दुकानांत डायव्हिंगचा टॉर्च सहसा मिळत नाही, तो ऑनलाइनच मागवावा लागतो. त्यामुळे वस्तू हातात घेऊन पाहण्याआधी तिची माहिती नीट वाचता यायला हवी.

ल्युमेनच्या आकड्यांमागचा हिशोब

ल्युमेन हे उजेड मोजायचं एकक. ऑनलाइन यादीत ५००० आणि १०,००० ल्युमेनचे मुठीएवढे टॉर्च दिसतील. त्यांचा दावा साध्या गुणाकाराने तपासता येतो. १८६५० नावाचा लिथियम आयन सेल ३.७ व्होल्टचा असतो. त्याची क्षमता ३४०० एमएएच, म्हणजे ३.४ अँपिअर-तास धरली, तर ३.७ गुणिले ३.४, म्हणजे सुमारे १२.५ वॅट-तास ऊर्जा त्यात मावते. अशा छोट्या टॉर्चमध्ये एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन मिळतात असं धरून चाला. म्हणजे १००० ल्युमेनला सुमारे १० वॅट लागले आणि सेल सव्वा तासात संपला. एका सेलवर २००० ल्युमेन चार तास देतो असं विक्रेता म्हणत असेल, तर त्याला ८० वॅट-तास हवेत. ते त्या नळकांडीत बसूच शकत नाहीत.

याच हिशोबाने ४०० ल्युमेनचा टॉर्च तीन तासांच्या आसपास चालतो. बॅकअपसाठी ३०० ते ६०० ल्युमेन पुरेसे आहेत, हे आमचं ठाम मत. मुख्य टॉर्च बंद पडल्यावर या उजेडात जोडीदार शोधायचा असतो, हवा आणि खोली दाखवणारं गेज वाचायचं असतं आणि वर यायचं असतं. एवढ्याला तो भरपूर होतो.

‘बर्न टाइम’ वाचतानाही सावध राहा. टॉर्चसाठीच्या एएनएसआय एफएल१ या मानकात चालू केल्यापासून ३० सेकंदांनी जो उजेड असतो, तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे ‘चार तास’ लिहिलेल्या टॉर्चने शेवटचे दोन तास मिणमिणत काढले असले तरी दावा खोटा ठरत नाही. शक्य असेल तर उजेड आणि वेळ यांचा आलेख देणारा उत्पादक निवडा. निम्म्या उजेडापर्यंतचा वेळ तुमच्या सर्वात लांब डाइव्हच्या किमान दीडपट असावा. पाऊण-एक तासाच्या डाइव्हला दीड तास धरा.

झोत अरुंदच हवा

बॅकअपचा झोत ६ ते १० अंशांचा असावा. पसरट झोत फोटो-व्हिडिओसाठी ठीक. गढूळ पाण्यात मात्र तो समोरच्या प्रत्येक कणावर आपटून डोळ्यांकडे परत येतो आणि पुढे पांढरा पडदा तयार होतो. मालवणच्या पाण्यात अनेकदा अंदमानपेक्षा खूप कमी लांबचं दिसतं, तिथे हा फरक लगेच जाणवतो. शिवाय खूण करायची तर टोकदार झोतच जोडीदाराच्या समोरच्या वाळूवर ठळक ठिपका पाडतो.

स्विच: बहुतेक घोटाळा इथेच

तीन प्रकार सापडतील.

डोकं फिरवून लागणारा टॉर्च आम्हाला बॅकअपसाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो. स्विचसाठी वेगळं छिद्र नाही, डोकं घट्ट केलं की संपर्क जुळतो. खोट अशी, की बंद ठेवताना डोकं गरजेपेक्षा जास्त सैल केलं तर ओ-रिंग तिच्या जागेवरून बाहेर येते आणि पाणी शिरतं. कमी सैल केलं, तर खोलीवर पाण्याचा दाब डोक्याला आत ढकलतो आणि टॉर्च आपोआप लागतो. यावर उपाय सोपा आहे. टॉर्च लागतो त्या स्थितीत डोकं आणि नळी दोन्हींवरून नेलपॉलिशची एकच बारीक उभी रेघ ओढा. मग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत किती सैल केल्यावर तो दाबूनही लागत नाही ते शोधा आणि तिथे नळीवर दुसरी खूण करा. पाण्यात उतरताना डोक्यावरची रेघ या दुसऱ्या खुणेवर असली पाहिजे.

मागे बटण असलेले टॉर्च एका हाताने वापरायला सोयीचे. पण खिशात किंवा बॅगेत ते चुकून दाबले जातात, आणि बटणाच्या रबरी टोपीवर खोलीचा दाब थेट येतो. टोपी पातळ असेल तर बटण दाबलेलंच राहतं.

तिसरा चुंबकी सरकपट्टीचा किंवा कड्याचा. नळीला आरपार छिद्र नसल्याने गळती कमी. पण कड्याखाली वाळू किंवा मिठाचे खडे अडकले की कडं फिरेनासं होतं, आणि टॉर्च होकायंत्राजवळ आला तर सुई हलते. काही चुंबकी टॉर्च बंद असतानाही थोडा विद्युतप्रवाह खात राहतात. मालवणच्या दोन सहलींमध्ये सहा महिने गेले, तर सेल आतल्या आत रिकामा झालेला असतो.

‘मंद-मध्यम-प्रखर-लुकलुक-एसओएस’ असे पाच टप्पे असणारा टॉर्च बॅकअपसाठी घेऊ नका. घाबरलेल्या अवस्थेत तीनदा दाबून लुकलुकणारा उजेड मिळणं हे अंधारात राहण्याइतकंच वाईट. एकच पातळी, फार तर दोन.

सेल कोणता

१८६५० म्हणजे १८ मिमी व्यासाचा, ६५ मिमी लांबीचा सेल. संरक्षक सर्किट असलेला सेल त्याहून तीन ते पाच मिमी जास्त लांब असतो, म्हणून काही टॉर्चमध्ये तो बसत नाही. काहींचं वरचं टोक सपाट, काहींचं उंचवट्याचं. उंचवटा हवा असलेल्या टॉर्चमध्ये सपाट टोकाचा सेल टाकला, तर तो आत नीट बसतो पण संपर्क होत नाही. उत्पादकाने सांगितलेला सेलच घ्या.

बनावट सेल ओळखायला दोन गोष्टी पुरतात. चांगल्या कंपन्यांचे १८६५० सेल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. त्यावर ‘९९००’ छापलेलं असेल तर तो आकडा खोटा. दुसरं म्हणजे वजन. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. बर्डीवर सोन्याचांदीच्या किंवा किराण्याच्या दुकानात डिजिटल काटा मिळेलच, मोजून घ्या. फारच हलका निघाला तर आत छोटा सेल आणि भरताड आहे. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल तर कोणी फुकट दिले तरी पाण्याखाली नेऊ नका.

साध्या एए किंवा एएए अल्कलाइन सेलवर चालणारा टॉर्च गरीब वाटतो, पण त्याची एक बाजू चांगली आहे. सेल कुठल्याही गावात मिळतो आणि तो संपत येताना उजेड हळूहळू मंदावतो, म्हणजे सूचना मिळते. लिथियम आयनवर चालणाऱ्या अनेक टॉर्चमध्ये शेवटपर्यंत उजेड सारखा राहतो आणि संरक्षक सर्किटने एकदम तोडला की काळोख. असा टॉर्च घ्यायचा तर सेल उतरल्यावर लुकलुकून किंवा आधी मंद होऊन इशारा देणाराच घ्या. अल्कलाइनची वाईट बाजू म्हणजे गळणं. मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत कपाटात पडलेल्या टॉर्चमध्ये सेल राहिला, तर तो पाझरून स्प्रिंग आणि आटे खातो. आणि नवा-जुना सेल एकत्र कधी घालायचा नाही.

सीआर१२३ए हा तीन व्होल्टचा, चार्ज न होणारा लिथियम सेल वर्षानुवर्षं टिकतो. वर्षातून एकदाच डाइव्ह करणाऱ्याला तो बरा. मात्र त्याच आकाराचा चार्ज होणारा सेल त्यात परस्पर घालू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टचा असतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये सहाऐवजी ८.४ व्होल्ट गेले की सर्किट जळतं.

मुख्य टॉर्च आणि बॅकअप दोन्ही एकाच जातीच्या सेलवर चालले तर उत्तम. एक चार्जर, एक जादा सेल, काम झालं.

पाणी रोखण्याचे दावे

‘आयपीएक्स७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ‘आयपीएक्स८’ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते उत्पादकाने ठरवायचं. दोन मीटर असलं तरी तो आयपीएक्स८ च. समुद्रात दर १० मीटरला एक बार दाब वाढतो. ओपन वॉटर या सुरुवातीच्या पातळीच्या डायव्हरच्या १८ मीटर मर्यादेवर एकूण दाब २.८ बार असतो, ४० मीटरवर पाच बार. म्हणून ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘आयपीएक्स८’ हे शब्द बाजूला ठेवा आणि खोलीचा आकडा मीटरमध्ये शोधा. चांगल्या डायव्हिंग टॉर्चवर तो १०० मीटर असतो. आकडाच नसेल तर तो टॉर्च गिर्यारोहणाला चांगला, डाइव्हला नाही.

सेल बदलण्यासाठी जे झाकण उघडतं, तिथे दोन ओ-रिंग असलेला टॉर्च घ्या. एकीवर केस आला तरी दुसरी सांभाळते. सोबत जादा ओ-रिंग येतात का, तेही पाहा. नळी अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची किंवा जाड प्लास्टिकची, दोन्ही चालतात. पाण्यात टॉर्च किंचित बुडणारा असावा. तरंगणारा टॉर्च छातीवरून वर उठून तोंडाशी येतो.

घरी करायच्या चाचण्या

टॉर्च आला की लगेच हे करा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

१. झाकण उघडून ओ-रिंग बोटांनी दाबून पुढे ढकला आणि फुगवटा आला की काढा. टाचणी किंवा सुरीचं टोक लावायचं नाही, बारीक ओरखडाही गळतो. नख पोचत नसेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाचा गुळगुळीत कोपरा वापरा.

२. खाच आणि ओ-रिंग धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चष्म्याचं कापड चालतं. मग ओ-रिंग उजेडात धरून चिरा पाहा.

३. तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटांवर घेऊन ओ-रिंग त्यातून फिरवा. नुसती चकाकी यायला हवी. थर दिसला तर जास्त झालं. ग्रीसला वाळू आणि केस चिकटतात. पेट्रोलियम जेली आणि खोबरेल तेल लावू नका, काही जातींचं रबर त्याने फुगतं, आणि आपली ओ-रिंग कुठल्या रबराची आहे ते नुसतं पाहून ओळखता येत नाही. ओ-रिंगच सिलिकॉनची असल्याचं माहितीपत्रकात लिहिलं असेल, तर सिलिकॉन ग्रीसही नको. उत्पादक सांगेल तेच लावा.

४. सेल न घालता, आत टिश्यू पेपरची घडी ठेवून झाकण बंद करा. टॉर्च कोमट पाण्यात बुडवा. आतली हवा प्रसरण पावते आणि मोठी गळती असेल तर बुडबुड्यांची सलग साखळी दिसते. आट्यांत अडकलेले सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे मोजू नका.

५. मग तो पाण्याच्या ड्रमच्या तळाशी दोन-तीन तास ठेवा. बाहेर काढून कोरडा पुसा, डोकं खाली करून उघडा आणि टिश्यू पाहा.

ड्रममध्ये दाब जेमतेम ०.१ बार वाढतो, म्हणजे खोलीची परीक्षा इथे होत नाही हे खरं. तरी ही चाचणी फुकट जात नाही. ओ-रिंग खोलीवर दाबाने जागेवर घट्ट बसते, त्यामुळे केस किंवा धागा अडकल्याची गळती बऱ्याचदा उथळ पाण्यातच सुरू होते. खोलीची परीक्षा पहिल्या दिवसाच्या डाइव्हवर करा. सेल काढून, टिश्यू ठेवून टॉर्च खाली न्या.

फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या पाण्यात टॉर्च बुडवून पाहायचा मोह टाळा. गाळाचे कण आट्यांत बसले की निघता निघत नाहीत.

आता वेळेची चाचणी. सेल पूर्ण चार्ज करा. टॉर्च बादलीभर पाण्यात उभा ठेवा, झोत छताकडे. हवेत लावून मोजला तर नागपूरच्या उन्हाळ्यात तो तापेल आणि उष्णतेपासून वाचवणारं सर्किट उजेड आधीच कमी करेल. मग आकडा चुकीचा येईल आणि प्रखर टॉर्चचा एलईडीही खराब होऊ शकेल. खोलीत अंधार करा, फोन एका ठरलेल्या जागी ठेवा आणि उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये दर १५ मिनिटांनी आकडा लिहून घ्या. पहिल्या आकड्याच्या निम्मा झाला तो तुमचा खरा वेळ. तिथेच थांबा, संरक्षक सर्किट नसलेला लिथियम सेल पार रिकामा केला तर तो खराब होतो.

शेवटी डोळे मिटून, एका हाताने, टॉर्च लावा आणि बंद करा. ग्लोव्ह्ज घालून डाइव्ह करणार असाल तर घालूनच. दोन्ही हातांशिवाय लागत नसेल तर परत पाठवा, बाकी सगळं छान असलं तरी.

जोडणी: दोरी, स्नॅप आणि सायकलची ट्यूब

टॉर्चसोबत आलेली मनगटाची दोरी काढून ठेवा. लोंबणारी दोरी पोवळ्यात अडकते. त्याऐवजी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा छोटा बोल्ट स्नॅप (खिट्टी सरकवून उघडणारा हूक) घ्या आणि दोन मिमीच्या विणलेल्या नायलॉन दोरीने तो टॉर्चच्या मागच्या छिद्राला बांधा. धातूची कडी वापरू नका. स्नॅप जाम झाला किंवा जाळ्यात अडकला तर दोरी कापून सुटता येतं, स्टीलची कडी कापता येत नाही.

दोरीचा ३० सेंटीमीटरचा तुकडा छिद्रातून आणि स्नॅपच्या डोळ्यातून तीनदा फिरवा, दोन्हींत बोटभरही अंतर उरू नये इतका आवळा. मधल्या भागाला दोन वेढे देऊन सपाट गाठ मारा, म्हणजे आधी उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. टोकं अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा आणि लायटरने वितळवा. ओली झाल्यावर गाठ सैल होते का, ते दोन्ही हातांनी ओढून पाहा.

आता सायकलच्या दुकानातून पंक्चर झालेली जुनी ट्यूब आणा आणि तिच्या दीड सेंटीमीटर रुंदीच्या चकत्या कापा. जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यावर, डी-रिंगच्या (पट्ट्यावरच्या डी आकाराच्या कडीच्या) खाली एक चकती चढवा. स्नॅप डी-रिंगला अडकवायचा, टॉर्चचं डोकं खाली, आणि नळी चकतीतून सरकवायची. टॉर्च अंगालगत राहतो, लोंबत नाही, आणि चालू झाला तर झोत खाली दिसतो. जॅकेट भाड्याचं असेल तर अशी डी-रिंग मिळेलच असं नाही. तेव्हा खिशातली कडी शोधून स्नॅप तिलाच अडकवा. नुसता खिशात टाकलेला टॉर्च पहिल्यांदा काढताना हातातून निसटतो.

प्रवास

सोनेगाव विमानतळावरून निघताना जादा लिथियम सेल हातातल्या बॅगेतच ठेवायचे, चेक-इन सामानात चालत नाहीत. प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिक डबीत ठेवा किंवा टोकांना चिकटपट्टी लावा. १८६५० सेल सुमारे १२.५ वॅट-तासांचा असतो आणि विनापरवानगी मर्यादा १०० ची आहे, तेव्हा अडचण येत नाही. टॉर्चमधलाही सेल काढून घ्या, बॅगेत चुकून लागलेला टॉर्च कपडे जाळू शकतो. गाडीने जात असाल तर थांब्यावर सेल गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं आणि लिथियम सेलचं आयुष्य त्याने घटतं.

पाण्याखाली बंद पडला तर

उतरण्याआधी बोटीवर बॅकअप लावून पाहा आणि जोडीदाराला तो कुठे अडकवला आहे ते दाखवा. खाली मुख्य टॉर्च गेला तर आधी बॅकअप लावा, मगच स्नॅप सोडा. या क्रमाने टॉर्च निसटला तरी पेटलेला असतो आणि तळावर दिसतो. झोत रुंद आडवा हलवून जोडीदाराचं लक्ष वेधा. झोताने वर्तुळ काढणं म्हणजे ‘ठीक आहे’, तेव्हा या दोन खुणांची गल्लत करू नका. कोणाच्याही डोळ्यांवर झोत मारायचा नाही. बंद पडलेला टॉर्च जागेवर अडकवा आणि डाइव्ह संपवा, नेहमीच्या वेगाने आणि वर येताना पृष्ठभागाजवळचा काही मिनिटांचा सुरक्षा थांबा घेऊन. बॅकअपवर डाइव्ह पुढे चालू ठेवायची नसते, कारण आता तुमच्याकडे बॅकअप उरलेला नाही.

डाइव्हनंतर

टॉर्च बंद असतानाच गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा. चुंबकी कडं पाण्यातच दहा-बारा वेळा फिरवा म्हणजे मीठ सुटतं. फिरवून लागणाऱ्याचं डोकं मात्र पाण्यात हलवू नका. पूर्ण कोरडा पुसून, डोकं खाली धरून उघडा.

आत पाणी शिरलेलं दिसलं तर घाई करू नका. खारं पाणी आणि सेल यांच्यात वायू तयार होऊन आत दाब साठू शकतो. टॉर्च चेहऱ्यापासून आणि इतरांपासून दूर वळवून, उघड्यावर, आटे अगदी थोडे थोडे सैल करा आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहा. भिजलेला लिथियम सेल वाळवून पुन्हा चार्ज करू नका. तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. टॉर्चची नळी लगेच गोड्या पाण्याने धुऊन सुकवली तर कधीकधी वाचते, पण असा टॉर्च पुन्हा बॅकअप म्हणून नेऊ नका.

घरी आल्यावर सेल काढून निम्मा चार्ज ठेवा आणि घरातल्या सर्वात थंड खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत ठेवली तर ती चपटी होत नाही. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं. त्या काळात नव्या ओ-रिंग मागवून ठेवा, आणि हंगामाच्या पहिल्या सहलीच्या पंधरा दिवस आधी टिश्यूची आणि बादलीची, दोन्ही चाचण्या पुन्हा करा. काही बिघडलेलं निघालं तर सुटा भाग नागपूरला पोचायला तेवढे दिवस हाताशी लागतात.